दुर्बल हृदय आणि चालण्याचा नेम



हृदयविकार कसा टाळावा, या विषयावर आजवर पुष्कळ व्याख्याने झाली, पुस्तके निघाली, शिबिरे भरली. परंतु ज्यांचे हृदय आधीच दुबळे झाले आहे त्यांनी चालावे की बसून राहावे, आणि चालायचे ठरवूनही अनेकांचे चालणे काही महिन्यांतच का सुटते, हा प्रश्न क्वचितच जाहीरपणे मांडला जातो. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी अशा रुग्णांसाठी, आणि त्यांच्याइतकेच त्यांच्या घरच्यांसाठी, हे विवेचन आहे.

नावानेच घातलेली धास्ती

या आजाराचे नावच मोठे घातक आहे. मराठी घरांत "हार्ट फेल झाले" याचा अर्थ "माणूस गेला" असाच पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो. त्यामुळे डॉक्टरांनी फाइलवर "हार्ट फेल्युअर" असे लिहिले की रुग्णाचा अर्धा धीर तिथेच खचतो. वास्तविक या आजारात हृदय बंद पडलेले नसते; ते शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास कमी पडते. निरोगी माणसाच्या हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर टाकतो. अनेक रुग्णांत हे प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून खाली उतरते. काहींत हे प्रमाण ठीक राहते, पण हृदयाची भिंत ताठर होते. दम लागणे, पावलांवर सूज येणे, रात्री डोक्याखाली उशा वाढवाव्या लागणे, थोड्या श्रमानेही गळून जाणे ही त्याची लक्षणे होत. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ साली घालून दिलेली चार पायऱ्यांची विभागणी आजही वापरली जाते. पहिल्या पायरीवर नेहमीच्या कामात त्रास होत नाही, दुसरीवर नेहमीच्या श्रमाने होतो, तिसरीवर हलक्या श्रमानेही होतो, आणि चौथीवर बसल्याजागीही होतो.

भारतातील ५३ रुग्णालयांतून २०१९ व २०२० या काळात १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंद करण्यात आली. त्या रुग्णांचे सरासरी वय साठीच्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत हा आजार साधारण दहा वर्षे उशिरा गाठतो. नोंदीनंतरच्या ९० दिवसांत सुमारे १४ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे ज्या वयात माणूस अजून दुकानाच्या गादीवर बसलेला असतो, मुलीचे लग्न व्हायचे असते, नातवंडांना शाळेत सोडायचे असते, त्या वयात हा आजार आपल्याकडे येतो. म्हणून चालण्याचा हा प्रश्न हौसेचा किंवा फावल्या वेळेचा मानता येत नाही.

विश्रांतीचा जुना सल्ला

"हृदयरोग्याने हलू नये" हा समज केवळ घरातील वडीलधाऱ्यांचा नव्हे. एके काळी वैद्यकशास्त्राचाही तोच होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला अनेक आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. १९५२ साली अमेरिकेतील डॉ. सॅम्युएल लेव्हाईन व डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना निदान आरामखुर्चीत बसू द्यावे असे सुचविले, तेव्हा तेही धाडसाचेच वाटले होते. पुढे १९६६ साली डल्लास येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवण्यात आले. त्यांची श्रम करण्याची क्षमता झपाट्याने घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने जेवढी क्षमता गमावली नाही, तेवढी त्या तीन आठवड्यांच्या झोपेने गमावली होती. धडधाकट तरुणांची ही गत, तर दुबळ्या हृदयाच्या साठीच्या माणसाची काय होत असेल?

त्यानंतर संशोधनाची दिशा पालटली. दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला येणारा थकवा केवळ हृदयामुळे येत नाही. बसून बसून मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, रक्तातील प्राणवायू खेचून घेण्याची त्यांची शक्ती कमी होते, आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला अधिक राबावे लागते, असे आढळून आले. नियमित चालण्याने स्नायू सुधारतात आणि हृदयावरचा भार हलका होतो. याची मोठी कसोटी अमेरिका, कॅनडा व फ्रान्समधील २,३३१ रुग्णांवर घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. नीट तपासून बेताने दिलेला व्यायाम अशा रुग्णांना सुरक्षित असतो आणि त्याने जगण्याची प्रत सुधारते, हे त्यातून दिसले. मृत्यू व रुग्णालयातील भरती यांतील घट मात्र अपेक्षेपेक्षा माफक निघाली. आज युरोप व अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटना आजार स्थिर असलेल्या आणि चालू शकणाऱ्या प्रत्येक रुग्णाला व्यायामाची ठाम शिफारस करतात.

परंतु याच पाहणीत एक गोष्ट उघडी पडली. पहिल्या टप्प्यात रुग्णांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ३६ वेळा व्यायाम केला. नंतर तोच व्यायाम त्यांनी घरी आठवड्याला १२० मिनिटे करावा, असे ठरले. चौथ्या ते सहाव्या महिन्यात रुग्णांचा मध्यम आकडा आठवड्याला ९५ मिनिटांवर होता. दहाव्या ते बाराव्या महिन्यात तो ७४ वर आला. घरी सायकल किंवा चालण्याचे यंत्र पुरवलेले असतानाही असे घडले. भारतातील अनुभवही याच्याशी जुळतो. हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या ३,९५९ रुग्णांवर २४ केंद्रांत योगाधारित पुनर्वसनाचा प्रयोग झाला व २०२० साली तो प्रसिद्ध झाला. एकूण गटात मोठा वैद्यकीय फरक सिद्ध झाला नाही, तरी तेरापैकी दहा किंवा अधिक वर्गांना हजर राहिलेल्यांची प्रकृती अधिक चांगली राहिल्याचे दिसले. औषध आहे, पण ते घेतले जात नाही, अशी ही अवस्था आहे.

नेम का मोडतो?

पहिले कारण भीती. दोन पावले चढावर टाकली की छाती भरते आणि "आता काही होते की काय" असे वाटते. मग माणूस दम लागेल असे प्रत्येक काम टाळू लागतो. टाळल्यामुळे स्नायू आणखी झिजतात आणि पुढच्या वेळी दम आणखी लवकर लागतो. हे दुष्टचक्र तोडायचे तर किती दम लागणे स्वाभाविक आणि किती धोक्याचे, हे रुग्णाला कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते.

दुसरे कारण मोघम सल्ला. "थोडे चालत जा" एवढ्याने काही होत नाही. किती मिनिटे, दिवसातून किती वेळा, सपाटीवर की चढावर, केव्हा थांबावे, हे गोळीच्या मात्रेप्रमाणे लिहून दिले तर रुग्ण पाळतो. कापडाच्या व्यवहारात "थोडे कापड द्या" असे कोणी म्हणत नाही. मीटरचा आकडा सांगावा लागतो. व्यायामाचेही तसेच आहे.

तिसरे कारण मनाची उदासी. वर उल्लेखिलेल्या मोठ्या पाहणीत सुमारे २८ टक्के रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती गेल्या, वसुलीचा फोन आपल्याकडे येईनासा झाला, की कर्त्या पुरुषाला आपण घरात केवळ जपून ठेवण्याची वस्तू झालो असे वाटू लागते. अशा मनाला पादत्राणे घालून दाराबाहेर पडणेही जड जाते. व्यायामाने ही उदासी काही अंशी कमी होते, हेही त्याच पाहणीत दिसले. पण सुरुवातीला मात्र कोणीतरी हात धरावा लागतो.

चौथे कारण बरोबरीचे आजार. गुडघेदुखी, मधुमेह, दमा, रक्ताची कमतरता यांपैकी एखादा तरी सोबतीला असतोच. गुडघ्याचा इलाज न करता चालण्याचा आग्रह धरणे व्यर्थ होय.

पाचवे कारण अगदी साधे आहे, पण संकोचाने ते कोणी बोलत नाही. या आजारात शरीरातील जादा पाणी काढण्यासाठी लघवीची गोळी दिली जाते. ती घेतल्यावर काही तास वारंवार लघवीला जावे लागते. सकाळी गोळी घेऊन रंकाळ्यावर निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेत स्वच्छतागृह सापडले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो निघतच नाही. भगिनींच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट आहे. चालणे आधी आणि गोळी नंतर, किंवा गोळीचा जोर ओसरल्यावर संध्याकाळी चालणे, असा बदल डॉक्टरांना विचारून करता येतो. पण विचारायचे सुचत नाही.

सहावे कारण ऋतू आणि रस्ता. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर पाऊस लागून राहतो. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी तर शहराचे काही भाग दिवसेंदिवस पाण्यात होते. चार महिने खंड पडला की दिवाळीला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. उखडलेले पदपथ, भटकी कुत्री आणि वाहनांची गर्दी यांचीही त्यात भर पडते. ज्यांनी पावसाळ्यासाठी घराचा सोपा, गच्चीवरचा आडोसा किंवा मंगल कार्यालयाचे दालन आधीच हेरून ठेवले, त्यांचाच नेम टिकतो.

सातवे कारण स्त्रियांचे आहे. "दिवसभर घरातच राबते, वेगळे चालायला कशाला हवे?" हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. घरकाम श्रमाचे असते यात शंका नाही. परंतु ते तुटक असते, घाईचे असते आणि त्यात श्वासाची लय सापडत नाही. शिवाय पहाटेचा वेळ स्वयंपाकघराचा आणि संध्याकाळचा पाहुण्यांचा. सासूबाईंना किंवा आईला दररोज वीस मिनिटे मोकळी करून देणे हे त्या घरातील इतरांचे काम आहे.

आठवे कारण प्रेम. हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण "बाबा, तुम्ही उठू नका, मी आणतो", "आई, जिना चढू नकोस" असे म्हणणारी मुले-सुना मायेपोटी रुग्णाला पलंगाकडे ढकलत असतात. घरच्यांचा आधार लाभलेले रुग्ण अधिक व्यायाम करतात, असे संशोधन सांगते. मात्र आधार याचा अर्थ सोबत चालणे असा घ्यावयास हवा. सर्व कामे हातातून काढून घेणे म्हणजे आधार नव्हे.

तालमीने दिलेला धडा

कोल्हापूर हे व्यायामाचे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले, आणि गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींची नावे देशभर गेली. परंतु या वैभवाची एक दुसरी बाजू आहे. येथे व्यायाम म्हटला की जोर, बैठका आणि घाम गाळणे डोळ्यांसमोर येते. तरुणपणी आखाड्यात उतरलेल्या माणसाला म्हातारपणी दहा मिनिटे संथ चालणे हा व्यायामच वाटत नाही; त्याला त्यात कमीपणा वाटतो. उलट ज्याने कधी तालीम पाहिली नाही तो म्हणतो, "व्यायाम पैलवानांचा, आपला नव्हे." दोघेही घरीच बसतात. श्वास रोखून जोर काढणे किंवा जड वजन उचलणे दुबळ्या हृदयाला खरोखरच वर्ज्य आहे. संथ चालणे मात्र त्याला औषधासारखे आहे.

तरीही तालमीपासून घेण्यासारखे फार मोठे काही आहे. पहाटे उठणारा पैलवान केवळ स्वतःच्या निश्चयावर उठत नसे. तालमीची वेळ ठरलेली असे, वस्तादाची नजर असे, आणि जोडीदार वाट पाहत असे. एक दिवस न गेल्यास कोणीतरी विचारत असे. दुबळ्या हृदयाच्या रुग्णाचा नेम मोडतो तो बहुधा याच तीन गोष्टींच्या अभावी: ठरलेली वेळ नाही, विचारणारा वस्ताद नाही, सोबतीला जोडीदार नाही. रुग्ण आळशी आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याच्याभोवती तालीम उभी करणे हे खरे काम आहे.

मराठी वाचकांना गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांचे "माझा साक्षात्कारी हृदयरोग" हे पुस्तक परिचित आहे. त्यांना ऐन चाळिशीत आलेला झटका रक्तवाहिनीतील अडथळ्याचा होता. प्रस्तुत आजार वेगळा. तथापि आहार, चालणे, योग आणि ध्यान यांसाठी त्यांनी आपला सारा दिवस नव्याने मांडला, ही गोष्ट येथेही लागू पडते. व्यायामाला दिवसात जागा करून द्यावी लागते; उरलेल्या वेळात तो कधीच बसत नाही.

आरंभ कसा करावा?

प्रथम डॉक्टरांची तपासणी आणि अनुमती. त्याविना काहीही नको. अनेक ठिकाणी सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतात, तिच्यावरून कुवत कळते. नंतर सपाट जागी पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. काही दिवसांनी एक-दोन मिनिटे वाढवीत न्यावी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, हे बहुतेकांसाठी पुरेसे उद्दिष्ट होय. तिथवर पोहोचायला काही महिने लागले तरी हरकत नाही. आरंभी व शेवटी काही मिनिटे अगदी सावकाश चालावे. एकदम थांबू नये. चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करावा. या आजारात नाडी मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतात, म्हणून केवळ नाडीचे ठोके मोजून चालत नाही. बोलण्याची ही कसोटी अधिक भरवशाची आहे. जेवणानंतर लगेच, कडाक्याच्या थंडीत किंवा भर उन्हात चालू नये. बाहुबली किंवा जोतिबाच्या पायऱ्या एका दमात चढण्याचा हट्ट धरू नये.

व्यापारी माणूस रोजमेळ लिहिल्याशिवाय झोपत नाही. तशीच एक लहान वही या रुग्णाने ठेवावी. सकाळी लघवी करून, काही खाण्यापूर्वी वजन, पायांवरील सूज, चाललेली मिनिटे, दम किती लागला. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ती चरबी नसून साठलेले पाणी असते. त्या दिवशी चालणे थांबवून डॉक्टरांना कळवावे. बसल्याजागी दम लागणे, छातीत दुखणे, भोवळ, अनियमित धडधड, ताप यांपैकी काही असतानाही चालू नये. छातीत विजेचा धक्का देणारे यंत्र बसविलेल्या रुग्णांनी आपली मर्यादा तज्ज्ञांकडून लिहून घ्यावी.

समाजाच्या दृष्टीने आणखी एक सूचना आवश्यक आहे. उपवास, सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग, पर्युषणातील दीर्घ तप यांचा लघवीच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांशी थेट संबंध येतो. कोरड्या उपवासात रक्तदाब उतरून चालताना भोवळ येऊ शकते. तपाचा विचार असल्यास तो आधी डॉक्टरांना सांगावा, गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नयेत, आणि उपवासाच्या दिवशी चालण्याला विश्रांती द्यावी. पापड, लोणची, फरसाण यांतील मिठाविषयीही तीच दक्षता हवी.

संस्थेने काय करावे?

डॉक्टर व प्रशिक्षकांच्या देखरेखीखालील पुनर्वसन केंद्रे बहुधा मोठ्या शहरांतील रुग्णालयांतच आढळतात, आणि आठवड्यातून तीनदा तिथवर जाणे बहुतेकांना परवडत नाही. ही उणीव काही अंशी समाजसंस्था भरून काढू शकतात. त्यासाठी इमारत लागत नाही. चार-पाच रुग्णांचा एक गट, त्यात एखादा निरोगी स्वयंसेवक, ठरलेली वेळ, आणि न आलेल्याला त्याच दिवशी एक फोन, एवढ्याने आरंभ होतो. पावसाळ्यात सभागृह सकाळी एक तास उघडे ठेवावे, तेथे वजनकाटा ठेवावा, स्वच्छतागृह खुले असावे, भिंतीलगत खुर्च्या मांडाव्यात. महिन्यातून एकदा एखाद्या डॉक्टरांनी येऊन वह्या पाहाव्यात. रंकाळ्याच्या काठावर वा महावीर उद्यानात असे गट दिसू लागले तर एकट्याने निघायला बिचकणाराही निघेल.

ज्या समाजात सामायिकाची ४८ मिनिटे घड्याळ लावून पाळली जातात, त्या समाजाला नेम म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. लहान नेम घ्यावा, मुदतीचा घ्यावा, आणि घेतला की मोडू नये, हे संस्कार येथे लहानपणापासून आहेत. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एवढेच करावे: घरातील, शेजारातील किंवा नात्यातील ज्या व्यक्तीला हा आजार आहे तिला "आराम करा" असे सांगण्याऐवजी डॉक्टरांनी चालण्याची अनुमती दिली आहे का, हे विचारावे. दिली असल्यास उद्या सकाळी दहा मिनिटे तिच्यासोबत चालावे, आणि परवा पुन्हा तिच्या दारात उभे राहावे.

जय जिनेंद्र!